मदतीला आले, मोडून गेले, भरायचं कुणी?

मैत्रिणींनो, लाँड्रीत टाकलेली पैठणी जळून आली, तर आपण कुणाला जाब विचारतो? दुकानदारालाच ना? "इस्त्रीवाला पोरगा नवीन होता, त्याच्याशी बोला" असं तो म्हणाला, तर आपण मुकाट घरी येऊ का? मुळीच नाही. पैसे तुम्ही घेतले, पावती तुम्ही फाडली, तेव्हा पैठणीचं उत्तर तुम्हीच द्यायचं, असं आपण तिथल्या तिथे ठणकावून सांगू. त्यासाठी कुठला कायदा वाचावा लागत नाही.

पण हेच मोटारीच्या बाबतीत घडलं की आपलं सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे! गाडी रस्त्यात बंद पडते, मदतीला क्रेन येते, गाडी उचलताना बंपर फुटतो. मग फोनवरचा मुलगा म्हणतो, क्रेनवाल्याशी बोला. क्रेनवाला म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, विम्यातून घ्या. या टोलवाटोलवीत आठ दिवस गेले की घरातूनच सल्ला येतो, "जाऊ दे ना, कुठे नादी लागतेस?" आणि आपण खरंच जाऊ देतो.

आता तालुक्याच्या गावातही बायका सर्रास गाडी चालवतात. शिक्षिका, डॉक्टर, दुकान सांभाळणाऱ्या, मुलांना क्लासला सोडणाऱ्या आया. एकटी बाई रस्त्यात अडकली तर घरच्यांना घोर नको, म्हणून विमा काढताना ‘रोडसाइड असिस्टन्स’ नावाची जादा सोय आपण घेतो. पंक्चर काढणं, उतरलेली बॅटरी दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी चालू करणं, किल्ली आत राहिली तर दार उघडणं, थोडं पेट्रोल आणून देणं आणि काहीच जमलं नाही तर गाडी ओढून गॅरेजला नेणं, एवढं त्यात साधारणपणे येतं. सोय खरोखर चांगली आहे. माझा आक्षेप सोयीवर नाही. सोयीतून गैरसोय झाली तर पुढे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो मला पडला, कारण माझ्यावरच ती वेळ आली.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर

२०२३ सालची भाऊबीज. चिपळूणला भावाकडे जाऊन दुसऱ्या दिवशी मी कराडला परत येत होते. बरोबर सासूबाई आणि लेक. घाट चढून वर आलो आणि हेळवाकच्या अलीकडे डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. थोड्या वेळाने गाडी गप्प झाली. नंतर कळलं की अल्टरनेटर गेला होता. गाडी चार वर्षांची. अल्टरनेटर गेला यात कुणाचाच दोष नव्हता आणि त्याचा खर्च माझाच होता. हे आधीच सांगते, कारण पुढच्या भांडणात हा मुद्दा मला फार उपयोगी पडला.

विम्याच्या कागदावरचा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलाने हिंदीतून सगळी माहिती घेतली आणि विचारलं, "मॅडम, सर को फोन देंगे?" सर कराडला ऑफिसात होते. "गाडी माझ्या नावावर आहे, मीच बोलते," म्हटलं. सासूबाईंना आणि लेकीला येणाऱ्या एस.टी.त बसवून दिलं आणि मी क्रेनची वाट पाहत थांबले.

मी बरीच वर्षं महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात काम करते. भांडणं ऐकता ऐकता एक सवय अंगवळणी पडली आहे. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी तिचा पंचनामा करायचा. तशी मी गाडीला चारी बाजूंनी फेरी मारली आणि मोबाइलवर फोटो काढले. पुढचा बंपर, दोन्ही दिवे, चाकं, दारं आणि किलोमीटरचा आकडा.

अडीच वाजता क्रेन आली. चालक पंचविशीचा, बरोबर एक पोरगेला मदतनीस. पट्टा शोधला, सापडला नाही. मग साखळीच पुढून गुंडाळली. "अहो, बंपरला लागेल," मी म्हटलं. "काही होत नाही ताई, रोजचं काम आहे." क्रेनने गाडी वर घेतली आणि कडकन आवाज आला. कराडला गॅरेजच्या दारात गाडी खाली उतरली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. बंपरला मधोमध चीर, डाव्या दिव्याचे कान तुटलेले, खालचं प्लॅस्टिकचं आवरण लोंबतंय.

चालकाने चलन पुढे केलं, "ताई, सही." मी सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या: ‘क्रेनने उचलताना पुढचा बंपर, डावा दिवा व खालचे आवरण तुटले. उचलण्यापूर्वी सर्व ठीक होते, फोटो आहेत.’ त्याचा चेहरा एकदम उतरला. "ताई, नका ना लिहू. मालक माझ्या पगारातून कापतो."

येताना दोन तास मी त्याच्या शेजारीच बसले होते. घरी म्हातारी आई, बहिणीचं लग्न ठरलेलं, फेरीमागे मिळणारा भत्ता, हे सगळं ऐकलं होतं. खरं सांगते, क्षणभर हात थबकला. पण मी लिहिलेलं खोडलं नाही. त्याचं नावही लिहिलं नाही. नुकसान झालं ते झालं. ते कुणी भरायचं हा प्रश्न त्याच्या खिशापाशी संपता कामा नये, एवढं मात्र मी त्याच वेळी मनाशी ठरवलं.

चौघांची साखळी

पुढचे पंधरा दिवस मी जे ऐकलं, ते तुम्हीही कधी ना कधी ऐकाल, म्हणून क्रमाने सांगते.

तिसऱ्या दिवशी क्रेनच्या मालकाचा फोन आला. "वहिनी, चार हजार देतो, विषय संपवू." गॅरेजने दिलेला अंदाज होता २३,६०० रुपयांचा. पाचव्या दिवशी मदत पुरवणाऱ्या कंपनीकडून निरोप आला, "आमच्या व्हेंडरच्या ओळखीचं गॅरेज आहे, तो बंपर चिकटवून रंगवून देईल." आठव्या दिवशी विमा कंपनीचं म्हणणं आलं, "मॅडम, क्रेन आमची नाही. तुम्ही नेहमीसारखा क्लेम टाका." वर एक वाक्य तिघांच्याही तोंडी होतं, "तशी ही सेवा फुकटच असते!"

मी पॉलिसीचा कागद घेऊन बसले आणि साखळी मांडली. मी पैसे दिले विमा कंपनीला. विमा कंपनीने काम दिलं मदत पुरवणाऱ्या कंपनीला. तिने ते दिलं कराडच्या क्रेनमालकाला. त्याने पाठवलं त्या पोराला. यातल्या तिघांना मी ओळखतसुद्धा नव्हते. मी निवडलं होतं फक्त एकाला. मग मी चौघांच्या दारात का फिरावं? ज्याला पैसे दिले त्याच्याच दारात उभं राहायचं. मागच्या तिघांचा हिशोब त्याने त्याचा त्याने बघावा.

‘फुकट’ या शब्दाचाही पॉलिसीतच निकाल लागला. प्रीमियमचा तपशील असतो तिथे ‘रोडसाइड असिस्टन्स’ची रक्कम वेगळी लिहिली होती. थोडीच होती, पण होती. मैत्रिणींनो, तुमच्या कागदावर ही ओळ शोधा. कारण ग्राहक कायद्यात खरोखर विनामोबदला दिलेली सेवा येत नाही. मोबदला दिलेला असेल तर तो थोडा की फार, याने हक्क कमी होत नाही.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, बी.ए. झालेली गृहिणी आहे. पण हा कायदा समजायला वकील व्हावं लागत नाही. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात ‘निक्षेप’ नावाचं प्रकरण आहे. आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झालं की ती परत घ्यायची, याला निक्षेप म्हणतात. लाँड्रीतली पैठणी, शिंप्याकडचं कापड, सोनाराकडे दुरुस्तीला दिलेलं मंगळसूत्र आणि क्रेनला लावलेली गाडी, सगळी याच जातीतली. कलम १५१ सांगतं की वस्तू घेणाऱ्याने तिची काळजी घ्यायची, ती एखादा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तशी. स्वतःच्या गाडीला कुणी साखळीने बंपर धरून उचलेल का?

याच कायद्यात आणखी एक तत्त्व आहे. ज्याने प्रतिनिधी नेमला, त्याच्यावर त्या प्रतिनिधीने केलेल्या कामाची जबाबदारी येते. रीतसर नेमलेल्या उपप्रतिनिधीच्या कामाचीही येते. म्हणजे ‘क्रेन आमची नाही’ हे वाक्य ऐकायला जड, पण वजनाला हलकं.

दुसरा आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. तो जुलै २०२० पासून लागू आहे. सेवेतली उणीव, निष्काळजीपणा, ठरल्याप्रमाणे काम न होणं, हे सारं त्यात ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मोडतं.

आणि चलनामागे, पावतीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं ना, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’? ते वाचून आपण हबकतो. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे: ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. १९९८ साली दिल्लीत एका पाहुण्याने हॉटेलच्या माणसाकडे किल्ली देऊन गाडी लावायला दिली आणि गाडी चोरीला गेली. टोकनावर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं. गाडी ताब्यात घेतली की काळजी घेतल्याचं दाखवून देणं हे घेणाऱ्याचं काम. स्वतःचा निष्काळजीपणा छापील ओळीच्या आड लपवता येत नाही. ते प्रकरण क्रेनचं नव्हतं, हॉटेलचं होतं. पण दुसऱ्याच्या हवाली केलेल्या गाडीचं तत्त्व तेच. माझ्या पत्रात मी या निकालाचा उल्लेख केला आणि पुढच्या उत्तराचा सूर बदललेला मला जाणवला.

वड्याचं तेल वांग्यावर

आता त्या ‘नेहमीसारखा क्लेम टाका’चा हिशोब करू. वरवर हा सल्ला सोयीचा वाटतो. गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्याने वाहून नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं, त्यामुळे क्लेम मंजूरही होऊ शकतो. पण त्यात आपला खिसा किती हलका होतो ते बघा.

माझ्या २३,६०० मध्ये प्लॅस्टिकचे भाग होते १४,००० रुपयांचे. ‘झिरो डेप्रिसिएशन’ची जादा सोय नसेल, तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात. म्हणजे ७,००० माझे. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीची वजावट १,००० रुपये. तेही माझे. वर ‘नो क्लेम बोनस’. तीन वर्षं क्लेम न केल्याने मला ३५ टक्के सूट मिळत होती, चौथ्या वर्षी ती ४५ टक्के होणार होती. क्लेम केला की ती थेट शून्यावर. माझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सूट धरण्याआधी ७,२०० होता, म्हणजे ३,२४० रुपये तिथे गेले. बेरीज झाली ११,२४० रुपये. रंगाच्या सामानातली घट धरलीच नाही. आणि शून्यावर आलेला बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर जायला पाच वर्षं लागतात.

त्यांनी फोडलेला बंपर आणि निम्मे पैसे माझे! याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं नाही तर काय म्हणायचं? म्हणून मी लेखी कळवलं, ‘हा अपघाताचा क्लेम नाही. तुमच्या सेवेत झालेल्या नुकसानीची भरपाई आहे. माझ्या पॉलिसीवर क्लेम नोंदवू नये.’

एक खबरदारी मात्र घ्या. नुकसान फार मोठं असेल, इंजिन किंवा गिअरबॉक्सच गेला असेल आणि समोरचा दाद देत नसेल, तर क्लेमची वाट बंद करून बसू नका. विमा कंपनीला नुकसान ताबडतोब कळवून ठेवायचं. कळवणं वेगळं, क्लेम घेणं वेगळं.

दुरुस्ती कुणाच्या हातून?

माझं खरं भांडण या मुद्द्यावर पेटलं. मदत कंपनी म्हणत होती, आमच्या माणसाकडून करून देतो. मी म्हणत होते, गाडी कायम जिथे जाते तिथेच होईल. का? एकतर चिकटवलेला बंपर म्हणजे नवा बंपर नव्हे. दुसरं, दिव्याचे कान तुटलेत, तो डिंकाने बसवला तर रात्री घाटात उजेड कुठे पडेल याचा नेम नाही. तिसरं, वाढीव वॉरंटी चालू असेल तर बाहेर काम केल्याने पुढे वाद होऊ शकतो. आणि चौथं महत्त्वाचं: ज्याने मोडलं त्याच्याच ओळखीच्या माणसाने दुरुस्त केलं, तर काम नीट झालं की नाही हे सांगणार कोण? गाडी जशी दिली तशी परत मिळाली पाहिजे. त्याहून चांगली नको आणि वाईटही नको.

पण हट्ट धरताना आपली बाजूही स्वच्छ हवी. अल्टरनेटरचं बिल मी वेगळं करून घेतलं आणि ते मी भरलं. दारावर एक जुना ओरखडा होता, तो त्या कामात घुसवला नाही. गॅरेजच्या जॉब कार्डवर गाडी आली तेव्हाची मोडतोड लिहून घेतली. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, प्रत मदत कंपनीला. ‘सात दिवसांत तुमच्या माणसाने येऊन गाडी पाहावी. त्यानंतर मी दुरुस्ती करून घेईन आणि बिल तुम्हाला पाठवीन.’ सहाव्या दिवशी एक जण येऊन फोटो काढून गेला. आठव्या दिवशी मी भिशीचे पैसे घालून दुरुस्ती करून घेतली आणि मोडका बंपर, दिवा घरी आणून माळ्यावर ठेवले. "हे भंगार किती दिवस सांभाळायचं?" सासूबाई विचारायच्या. "पैसे येईपर्यंत आई," मी म्हणायची. मोडके भाग हा पुरावा असतो. गॅरेजमध्ये ते सोडून येऊ नका.

दोन आठवडे पत्राला उत्तर नाही. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती कंपनीकडे पोचली. मग मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार असल्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. जानेवारी २०२४ मध्ये २३,६०० रुपये माझ्या खात्यात जमा झाले. पत्रात ‘केवळ सद्भावनेपोटी’ असा शब्द होता. मी हसून सोडून दिला. त्या दिवसांत रिक्षावर गेलेले पैसे आणि झालेला मनस्ताप यांचं काही मिळालं नाही. त्यासाठी आयोगात जाता आलं असतं. मी नाही गेले. पॉलिसीवर क्लेम लागला नाही आणि बोनस ४५ टक्के झाला, यात समाधान मानलं.

आणि तो पोरगा?

माझ्या पत्रात मी एक वाक्य मुद्दाम घातलं होतं, ‘ही रक्कम क्रेनचालकाच्या पगारातून कापू नये.’ त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. पैसे आल्यावर मी त्या चालकाला फोन केला. नोव्हेंबरमध्येच मालकाने त्याचे दोन हजार कापले होते. म्हणजे कंपनी माझ्याशी दोन महिने ‘जबाबदारी कुणाची’ यावर वाद घालत होती, तेव्हा साखळीच्या शेवटच्या टोकाला निकाल लागूनही गेला होता!

मी क्रेनमालकाला फोन केला. "तो आमचा घरचा मामला," तो म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, कामगाराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, असं वेतनाचा कायदा सांगतो. आणि तुमच्या क्रेनवर पट्टा नव्हता, तो आणायचं काम त्याचं होतं की तुमचं?" पुढच्या पगारात हजार परत आले. हजार राहिलेच. मला माझे सगळे पैसे मिळाले, त्याचे निम्मेच. हे मला अजून खुपतं.

म्हणूनच सांगते, जागेवरच चालकाकडून हजार-दोन हजार घेऊन गाडी दामटू नका. आपल्याला वाटतं, मिटलं. प्रत्यक्षात ज्याने वर्षभर हप्ते घेतले तो मोकळा सुटतो आणि ज्याला साधा पट्टासुद्धा दिला नव्हता त्याचं घर त्या महिन्यात तंगीत जातं.

पदराला गाठ बांधून ठेवा

गाडी देण्याआधी: चारी बाजूंचे फोटो, किलोमीटरचा आकडा, क्रेनचा नंबर. आत मौल्यवान वस्तू ठेवू नका. हँडब्रेक, गिअर याबद्दल चालकाशी बोलून घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे पुढची चाकं उचलून मागची जमिनीवर फिरू देतात. तेव्हा हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर मागचे टायर घासत जातात. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फोनवरच सांगा की चारी चाकं वर घेणारी सपाट गाडी, म्हणजे फ्लॅटबेड, पाठवा. बऱ्याच गाड्यांच्या जॅक-पान्याच्या पिशवीत एक लोखंडी कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत फिरवून बसवतात. ओढण्यासाठीची कडी ती. तुमच्या गाडीत कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

मदत चालू असताना: बॅटरी जोडताना लाल वायर लालला, काळी काळीला हे स्वतः बघा. उलट जोडली तर फ्यूज आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. जॅक ठरलेल्या जागीच लागला पाहिजे, नाहीतर खालचा पत्रा दबतो. किल्ली आत राहून दार उघडायला माणूस आला असेल, तर आधी काचेच्या रबराचा फोटो घ्या.

गाडी परत घेताना: उजेडात बघा. नुकसान असेल तर चलनावर लिहा, मगच सही करा. लिहू देत नसतील तर त्याच मिनिटाला हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि फोटो पाठवा. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या कागदावर बिलाचा आकडा बघितल्याशिवाय सही करू नका.

नंतर: फोनवर कितीही गोड बोलणी झाली, तरी रात्री ती दोन ओळींत लिहून ई-मेल करा. ज्याला पैसे दिले त्याच्याकडेच मागणी करा. ती सोय गाडीच्या कंपनीकडून घेतली असेल तर तिच्याकडे, विम्याबरोबर असेल तर विमा कंपनीकडे. विमा कंपनी ऐकत नसेल तर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आता ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

मला नेहमी वाटतं, हक्काच्या गोष्टी मागताना आपण बायका उगाचच ‘उपकार करा’च्या सुरात बोलतो. आणि समोरचाही मग उपकार केल्यासारखाच वागतो. घरात भाजीवाल्याने एक कांदा सडका दिला तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं करतो. तीच नजर, तोच आवाज मोठ्या कंपनीसमोर का बदलावा? आरडाओरडा करायचा नाही, रडायचंही नाही. कागद समोर ठेवायचा, बोट त्या ओळीवर ठेवायचं आणि शांतपणे विचारायचं, "पैसे तुम्ही घेतलेत ना? मग बोला."